फ्रेंचांचं टेकाड

पश्चिमेकडून आलेल्या माणसाच्या आधी हातांकडे बघायचं आणि मग तोंडाकडे, ही कापितोलिना येगोरोव्नाची, म्हणजे आमच्या कापाची, रीत. तोंड काय, कुणीही गोड करतं. हात मात्र लपत नाहीत, काय उचलायला आलेत ते बरोबर सांगतात. ही रीत तिला आईने लावली, आईला तिच्या आईने लावली. पहिल्यांदा कुणाचे हात बघून कुणाला ही अक्कल आली, ते आता कुणालाच ठाऊक नाही.

गाव आमचं पोगोरेल्ये. नावाचा अर्थच मुळी जळकं. स्मोलेन्स्कहून मॉस्कोला जाणारा जुना रस्ता व्याझ्माच्या अलीकडे ज्या पाचपन्नास घरांना खेटून जातो, ती घरं म्हणजे आम्ही. चारशे वर्षांपूर्वी पोलंडवाले आले ते ह्याच रस्त्याने. नेपोलियनची फौज मॉस्कोवर गेली ती ह्याच रस्त्याने, आणि बर्फात मरत मरत परतली तीही ह्याच. एकेचाळीस साली जर्मन आले, त्यांना तरी दुसरी वाट सापडावी? छे. प्रत्येकाने जाता-येता गाव पेटवलं. घर जळतं, पण विटांची मोठी चूल जळत नाही. म्हणून आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे उरलेल्या चुलीभोवती पुन्हा भिंती उभ्या करायच्या. कापाच्या घरातली चूल तिच्या खापरपणजीची आहे. भिंती कितव्या ते विचारू नका.

"पश्चिमेकडून पाहुणा दिसला की गाय पूर्वेला हाक," असं तिची आई उस्तीन्या म्हणायची. कापाकडे पुढे गाय राहिली नाही, शेळी राहिली, पण शिकवण राहिली. टीव्हीवर मोठ्या लोकांनी परदेशी पाहुण्यांशी हसून हात मिळवलेले दिसले की ही उठायची, काळा पाव कापायची आणि तुकडे चुलीवर वाळत घालायची. वाळल्या पावाचं पोतं तिच्या घरात कधी रिकामं झालं नाही. मुलगी स्मोलेन्स्कहून फोनवर हसायची, "आई, आता कोण येणारेय गं?" कापा म्हणायची, "ते मला सांगून येत नाहीत."

हसणाऱ्यांनी हसावं. जवसाच्या धाग्याच्या गिरणीत तिने उभी हयात काढली. सोव्हिएत राज्य बुडाल्यावर गिरणी बघायला दोन परदेशी साहेब आले. गोड बोलले, कामाच्या बायकांना चॉकलेटं वाटली. कापाने हात बघितले आणि चॉकलेट परत दिलं. वर्ष पालटायच्या आत यंत्रं ट्रकवर चढून गेली, आणि गिरणीच्या छपराखाली आता कबुतरं नांदतात. ज्या बायका तेव्हा तिला वेड्यात काढत होत्या, त्या नंतर तिच्याकडे पाव वाळवायला शिकायला आल्या.

आता टेकाडाचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

कापाच्या परसामागे, सरकारी जमिनीत, एक बुटकं टेकाड आहे. गाव त्याला फ्रेंचांचं टेकाड म्हणतं. नेपोलियनची फौज परतताना जे गोठून मेले, त्यांना वसंतात बर्फ वितळल्यावर गावाने तिथे एका खड्ड्यात लोटलं. तिथे कुणी गुरं चारत नाही, कुणी सरपण तोडत नाही. पण कापाला त्या फ्रेंचांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या टेकाडात तिचा भाऊ होता.

प्रोखोर, घरातला प्रोशा. बेचाळीसच्या हिवाळ्यात तो पंधरा वर्षांचा होता आणि कापा दहाची. गावात जर्मन होते, जंगलात आपली माणसं होती, आणि मधे विहीर होती. पहाटे प्रोशा बादली घेऊन गेला. थंडी अशी होती की थुंकी जमिनीवर पडायच्या आत कडक व्हायची. त्याच्या अंगात एका मेलेल्या जर्मनाचा जाड कोट होता. आई नको नको म्हणत असताना त्याने कुठूनसा मिळवलेला. एकच गोळी वाजली. आई धावली, मागे कापा धावली. प्रोशा विहिरीच्या कठड्याला टेकून बसला होता आणि बादली उभीच होती, पाणीही सांडलं नव्हतं.

घरी आणल्यावर उस्तीन्याने त्याच्या अंगातून कोट काढला आणि चुलीत घातला. घरात दोघी थंडीने काकडत होत्या, कोट ऊबदार होता, रक्त काय धुता आलं असतं. तरी तिने तो शेवटच्या चिंधीपर्यंत जाळला. कापाला वाटलं, बरोबर आहे, शत्रूची वस्तू घरात कशाला.

स्मशानात जर्मनांनी सुरुंग पेरले होते. दुसरीकडे कुठे खणावं, तर जमीन लोखंडासारखी. फक्त टेकाडावर एका जागी जर्मनांच्या फिरत्या स्वयंपाकघराची आग आठवडाभर जळली होती, ते हललं आणि खालची माती मऊ राहिली. आईने आणि कापाने तिथेच खणलं. घरच्या जवसाच्या कापडात प्रोशाला गुंडाळलं आणि फ्रेंचांच्या सोबतीला ठेवलं. लढाई संपल्यावर गाव म्हणालं, काढू या, स्मशानात नेऊ या. उस्तीन्या म्हणाली, "निजलाय, निजू दे." पुढे सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरने टेकाडाचा माथा सपाट केला तेव्हा लाकडी क्रूस मोडला, आणि नेमकी जागा गेली. आई मेली. मग टेकाडात प्रोशा आहे हे जाणणारी एकटी कापा उरली.

करोनाच्या आदल्या उन्हाळ्यात तालुक्याचा अधिकारी अर्काजी फोमिच गाडीतून उतरला. गोरा, गोल, सदा घाम पुसणारा माणूस. त्याने गाव जमवलं आणि सांगितलं की फ्रान्सहून शास्त्रज्ञ येणार, टेकाड उकरणार, आपल्या शिपायांची हाडं घेऊन जाणार. मोठा समारंभ होईल, टीव्ही येईल, रस्ता डांबरी होईल.

"एकही हाड जाणार नाही," कापा म्हणाली.

"अहो येगोरोव्ना, हाडं त्यांची, मातीही सरकारची. तुमचं त्यात काय आहे?"

"माझा भाऊ आहे. तुझे फ्रेंच टोपलीत भरताना त्यालाही भरतील. मग तो पॅरिसला जाऊन पडेल, परक्यांच्या बँडबाज्यात, परक्या नावाने. सगळं नेलं ह्या रस्त्यावरून. चर्चच्या घंटा नेल्या, गुरं नेली, खिडक्यांच्या काचासुद्धा नेल्या. आता मेलेलेही न्यायला निघाले?"

"कागद वरून आलाय," अर्काजी फोमिच घाम पुसत म्हणाला.

"अर्काजी, लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. मला कागद दाखवू नकोस."

दुसऱ्या सकाळी कापाने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, शेळीचं दावं दुसऱ्या हातात घेतलं, आणि टेकाडावर जाऊन बसली. शेळीचं नाव बारीन्या, म्हणजे जमीनदारीण, आणि स्वभावही तसाच. दोघी दिवसभर तिथे. दुपारी जेवण घरून बांधून आणलेलं. संध्याकाळी खुर्ची तिथेच ठेवायची, म्हणजे जागा कुणाची ते कळावं. पाऊस आला तर अंगावर गिरणीतला जुना रेनकोट. गाव आधी हसलं, मग कुणी लोणच्याची काकडी आणून देऊ लागलं, कुणी चहा.

फ्रेंच आले ते ह्या खुर्चीसमोरच. पुढे एक उंच, तांबड्या दाढीचा तरुण, नाव गास्पार. बाजूला दुभाषी मुलगी ताइसिया, स्मोलेन्स्कची, आपलीच. गास्पारने टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि हात पुढे केला. कापाने हाताकडे बघितलं. नखांत माती होती, तळव्याला घट्टे होते. तेवढ्यात बारीन्याने त्याच्या पिशवीतून लोंबणारी मोजमापाची दोरी चावायला घेतली, आणि तो ती ओढू लागला.

"सोड माझ्या शेळीला, शारामीझ्निक," कापा म्हणाली.

हा शब्द आमच्याकडे भुरट्याला, फुकट्याला, दारोदार हात पसरणाऱ्याला लावतात. शिवीच आहे, पण घरगुती. आता बघा गंमत. शिवी ऐकून त्या पोराचा चेहरा उजळला. तो दोरी सोडून छातीवर हात ठेवून काहीतरी भराभरा बोलायला लागला.

"आजी, त्याला वाटलं तुम्ही त्याला प्रिय मित्र म्हणालात," ताइसिया हसू दाबत म्हणाली. "त्यांच्या भाषेत प्रिय मित्राला शेर आमी म्हणतात. आणि असंही म्हणतात की आपला शब्द तिथूनच आलाय. परतताना त्यांचे उपाशी शिपाई आपल्या दारात येऊन भाकर मागायचे, शेर आमी, शेर आमी करत. लोकांनी त्यांचं नावच शारामीझ्निक पाडलं."

कापाने हे नीट ऐकून घेतलं. जन्मभर वापरलेला शब्द, आणि पोटात काय घेऊन बसलाय ते आज कळत होतं.

"म्हणजे मॉस्कोला जाताना आम्ही कोण होतो? तेव्हा आमची घरं जाळली. आणि परतताना भूक लागली तेव्हा प्रिय मित्र?" ती म्हणाली. "सांग त्याला. हेच तर मी सांगत आलेय. पोट रिकामं असलं की ह्यांना मित्र आठवतात."

ताइसियाने सांगितलं, जरा मऊ करून. गास्पारचं हसू गेलं. तो खुर्चीसमोर गवतात मांडी घालून बसला आणि म्हणाला की तो शँपेनच्या मुलखातला आहे, द्राक्षांच्या गावातला. नेपोलियन हरल्यावर रशियाचे कॉसॅक घोडेस्वार त्यांच्या गावात घुसले होते. आजही त्याची आजी हट्टी पोरांना म्हणते, झोप, नाहीतर कॉसॅक येईल.

"अजून म्हणते?"

"अजून."

"चांगलं आहे," कापा म्हणाली. "धाक असला म्हणजे पोरं वळणावर राहतात."

ती हसली नाही, पण खुर्ची थोडी त्याच्या बाजूला वळवली. अर्काजी फोमिचने नंतर सांगितलं की पोलीस बोलावून तिला उचलता आलं असतं, पण टीव्हीवाल्यांसमोर सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला खुर्चीसकट उचलणं बरं दिसलं नसतं. खरं कारण वेगळं होतं. गास्पार म्हणाला होता, ती उठेपर्यंत मी फावडं लावणार नाही.

दोन दिवस तो रोज येऊन गवतात बसला. तिसऱ्या दिवशी कापाने अट घातली. खणा, पण प्रत्येक हाड पेटीत जायच्या आधी माझ्या डोळ्यांखालून जाईल. आणि जो तुमचा नाही, तो माझा.

"त्यांच्या कपड्यांची बटणं असतात, पलटणीचे आकडे असलेली," गास्पार म्हणाला. "पण सगळ्यांजवळ असतीलच असं नाही. तुमच्या भावाची काही खूण आहे का? एखादा दात, एखादी जखम?"

"नाही," कापा म्हणाली.

खूण होती. लहानपणी प्रोशा गवताच्या माळ्यावरून पडला होता, डावी नडगी मोडली होती, आणि हाडवैद्याने बांधलेली ती वाकडी जुळली होती. तो चालताना किंचित झुलायचा. हे कापाने मुद्दाम गिळलं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार. खूण सांगितली तर म्हातारीचं तोंड बंद करायला कुठलंही वाकडं हाड आणून हातात ठेवतील. नाही सांगितली तर बघू, हा पोरगा आपणहून काय बोलतो. तिला त्याची परीक्षा घ्यायची होती, आणि परीक्षा घेताना उत्तर कुणी आधी फोडतं का?

खोदाई सुरू झाली. फावडं थोडंच, बाकी सगळं लहान करणीने आणि ब्रशाने. कापा कडेला खुर्चीत. पहिल्या दिवशी तिला बरं वाटत होतं, शत्रू मातीत बघायला कुणाला वाईट वाटतं? मग एकेक कवटी वर येऊ लागली, आणि गास्पार दात बघून वय सांगू लागला. हा एकोणीसचा. हा अठराचाही नसेल. ह्याच्या पायाची बोटं थंडीने आधीच झडली होती. एकाच्या बोटांच्या हाडांत आमच्याकडचा लाकडी चमचा होता, कुणा पोगोरेल्येच्याच घरातला.

"ह्याला कुणीतरी खायला घातलं होतं," ताइसिया म्हणाली.

"किंवा ह्याने चोरला होता," कापा म्हणाली. पण त्या दिवशी तिचं जेवण तिला गेलं नाही, बारीन्याने खाल्लं. तिला त्या पोरांचा राग यायचा, आणि त्यांच्या आयांची कीव यायची, आणि ह्या दोन गोष्टी एकत्र का येतात ह्याचाही राग यायचा.

दुसऱ्या आठवड्यात गास्पार खड्ड्याच्या उत्तर कडेला कितीतरी वेळ एकाच जागी वाकून राहिला. मग उठला, गुडघे झटकले आणि ताइसियाला हाक मारली. कापा खुर्चीतून उठून आधीच कडेला आली होती.

"हा वेगळा आहे," तो म्हणाला, आणि ताइसिया एकेक वाक्य आमच्या भाषेत आणत राहिली. "बाकीच्यांना लोटलंय, ह्याला निजवलंय. हात छातीवर आहेत. कापडाचा अंश आहे, जवसाचं असावं. वरची माती भाजलेली आहे, कोळसा आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. बटण एकही नाही. आणि मॅडम, ह्याची डावी नडगी लहानपणी मोडून वाकडी जुळलेली आहे. हा थोडा झुलत चालत असणार."

मग तो म्हणाला, "हा आमचा नाही."

 कापाने खुर्चीची पाठ धरली. इतकी वर्षं जी जागा ती शोधत होती ती समोर होती, आणि ज्याने दाखवली तो त्याच रस्त्याने आलेला होता, हात पुढे करून. तिला रडू आलं, आणि ती रडली, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

"प्रोशा," ती म्हणाली. "किती छोटा आहेस रे."

गास्पारने तिला हात दिला. ती खड्ड्यात उतरली आणि भावाजवळ बसली. तो पुन्हा ब्रश घेऊन बरगड्यांपाशी हळूहळू माती सारू लागला. तिथे त्याला काहीतरी बारीक, हिरवट लागलं. त्याने उचललं, उजेडात धरलं, खांदे उडवले आणि ताइसियाकडे दिलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या वाटोळ्या शिशाच्या गोळ्या त्याला कळत होत्या, ही त्याच्या अभ्यासातली नव्हती. ताइसिया मात्र दर उन्हाळ्यात आपल्या हरवलेल्या शिपायांची हाडं शोधणाऱ्या मंडळींबरोबर जंगलं उकरत फिरलेली. तिने एकदा बघितलं आणि मूठ मिटली.

कापाच्या डोळ्यांना आता लांबचं कमी दिसायचं. पण हात दिसायचे.

"मूठ उघड, पोरी."

"काही नाही आजी. खडा आहे."

"खडा असेल तर टाकून दे."

ताइसियाला टाकता येईना. तिने मूठ आणखी आवळली.

"गोळी आहे," शेवटी ती म्हणाली.

"ते मला माहीतच आहे. जर्मनाने मारली ती."

"जर्मन रायफलची ह्याहून जाड असते, आजी." तिने मूठ उघडली. "ही आपली आहे. आपल्या रायफलची."

शेळी वर कुठेतरी ओरडत होती. गास्पार एकीकडून दुसरीकडे बघत होता, काय झालं म्हणून विचारत होता, पण कुणी त्याला भाषांतर करून सांगत नव्हतं.

कापा बसूनच राहिली. आणि मग तिला आई दिसली, विहिरीवरची. प्रोशाला मांडीवर घेऊन बसलेली उस्तीन्या जर्मन पहारेकऱ्याकडे बघत नव्हती. ती जंगलाकडे बघत होती, एकटक, जणू तिथून कुणी बाहेर येऊन काही बोलेल. चुलीतला कोट दिसला. पहाटेच्या अंधुकात जंगलातल्या कुणा आपल्याच पोराने तो कोट बघितला, आतलं पोर त्याला दिसलं नाही. आईने शत्रूची वस्तू म्हणून कोट जाळला नव्हता. ज्याच्यापायी तिचं पोर गेलं, ते तिने जाळलं होतं. पुढे गावच्या स्मारकावर फॅसिस्टांनी मारलेल्यांत प्रोशाचं नाव कोरलं, तेव्हा आई पाठ करून उभी राहिली होती, आणि कापाला वाटलं होतं, रडू लपवतेय. उस्तीन्याच्या तोंडून जर्मनांनी मारलं हे शब्द कधीच निघाले नव्हते. कुणी विचारलं की ती एवढंच म्हणायची, विहिरीवर गेला होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," कापा हळू आवाजात म्हणाली. "मी जन्मभर त्या रस्त्याकडे डोळे लावून बसले, की तिकडून येणारा काय लपवून आणतोय. आणि लपवणारी मूठ आमच्याच घरातली."

"मी तुमच्यासाठीच लपवत होते, आजी."

"माहीत आहे. आईनेही माझ्यासाठीच लपवलं. तिला वाटलं, पोरीला निदान राग धरायला एक जागा राहू दे." तिने मातीच्या हाताच्या पाठीने डोळे पुसले. "तुझा राग नाही मला. पण आता पुरे. ह्या पोराला सांग काय आहे ते."

ताइसिया घाबरली. "परदेशी माणूस आहे, आजी. तिकडे जाऊन सांगेल की रशियनांनी स्वतःचंच पोर मारलं. त्यांना तेवढंच हवं असतं. पुढचं मागचं कुणी ऐकत नाही."

"मलाही तेच वाटतं," कापा म्हणाली. "तरी सांग. त्याने नडगी लपवली नाही. मी त्याच्यापासून गोळी लपवली तर मी त्याच्याहून खाली गेले, आणि तेवढी मी कुणा फ्रेंचासाठी जाणार नाही."

ताइसियाने सांगितलं. गास्पारने ऐकलं आणि ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "माझं काम दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांचं. हा मुलगा माझ्या कागदात नाही. ह्याच्याबद्दल काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा." त्याने गोळी कापाच्या तळहातावर ठेवली आणि स्वतः वर जाऊन शेळीला धरून बसला, कारण तिने आता त्याची टोपी खायला घेतली होती.

कापाने ठरवलं. प्रोशाला तिने स्वतःच्या हातांनी नव्या कापडात बांधलं, ताइसियाने दुसरं टोक धरलं. अर्काजी फोमिचला निरोप गेला की येगोरोव्नाचा भाऊ सापडला, तर त्या माणसाला आनंदाचं भरतं आलं. फ्रेंचांचा समारंभ तिकडे व्याझ्मात व्हायचा तेव्हा होईल, इथे गावातच दुसरा समारंभ मिळाला. त्याने बँड आणला, हार आणला, टीव्हीची गाडी आणली. गोळीचं त्याच्याही कानावर गेलं होतं. गावात काय लपतं?

आदल्या दिवशी तो कापाकडे येऊन चुलीजवळ बसला. "येगोरोव्ना, सगळ्या गावाला माहीत आहे प्रोशाला कुणी मारलं. स्मारकावर कोरलंय. आता कशाला उकरायचं? काळ बरा नाही. लोक म्हणतील..."

"लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. अर्धे म्हणतील म्हातारी विकली गेली, अर्धे म्हणतील बघा, ह्यांचं सगळंच खोटं. पाव घे."

"म्हणजे तुम्ही गप्प बसणार ना?"

"पाव घे म्हटलं. आज दोन जास्तच वाळवलेत. परदेशी आहेत गावात."

अर्काजी फोमिचने पाव घेतला आणि हे होकार समजून गेला.

अंत्यविधीला सगळं गाव स्मशानात आलं. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. गास्पार आणि त्याची माणसं मागे, कुंपणापाशी, टोप्या हातात घेऊन उभी होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी घालवलंही नव्हतं. कापा खड्ड्याशी खुर्चीवर होती. अर्काजी फोमिच पुढे झाला, टोपी काढली, कॅमेऱ्याकडे तोंड केलं. आपल्या मातीने किती सोसलं ते त्याने सांगितलं, पोलंडपासून हिटलरपर्यंत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. बायका डोळे पुसत होत्या. मग तो म्हणाला, "आणि इथे निजलेला हा कोवळा मुलगा पश्चिमेच्या शत्रूच्या गोळीने..."

कापा उठली. उठायला तिला वेळ लागला, म्हणून सगळे गप्प झाले. तिने मूठ उघडून ती हिरवट वस्तू खड्ड्याच्या कडेवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"गोळी आपली होती, अर्काजी," ती म्हणाली. "माझ्या भावाला जंगलातल्या आपल्याच कुणा पोराने मारलं, जर्मन समजून. तोही बिचारा वीसचा नसेल." मग ती कुंपणाकडे वळली. "आणि तू ऐक, दाढीवाल्या. ताइसिया, नीट सांग त्याला, मऊ करू नकोस. तिकडे जाऊन अर्धंच बोलायचं नाही. ते युद्ध आम्ही तुमच्याकडे नेलं नव्हतं. ते तुमच्या बाजूने चालत आमच्या विहिरीवर आलं. ते आलं नसतं तर माझा प्रोशा पाणी घेऊन घरी आला असता आणि आज म्हातारा होऊन माझ्याशी भांडत बसला असता. मी तुमच्यावर विश्वास टाकलेला नाही. मरेपर्यंत टाकणार नाही. पण मेलेल्या भावाच्या अंगावर खोटं पांघरूण मी घालू देणार नाही, तुम्हालाही नाही आणि ह्या आमच्यांनाही नाही."

ताइसियाने शब्द न् शब्द सांगितला. गास्पारने मान हलवली.

कापा पुन्हा अर्काजी फोमिचकडे वळली. "गोळी आपली होती आणि युद्ध त्यांनी आणलं होतं. दोन्ही एका दमात म्हणता येत असेल तर बोल. नाहीतर टोपी घाल आणि बाजूला हो."

अर्काजी फोमिच घाम पुसायचंही विसरला. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, गोळीकडे बघितलं, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या असलेल्या त्या बाईकडे बघितलं, जिने एकदा त्याचं नाक पुसलं होतं. मग त्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली, खड्ड्याकडे तोंड केलं, आणि प्रोशाला दोन्ही सांगितलं.